जॉबरपासून लेबर ऑफिसरपर्यंत : मुंबईच्या गिरण्यांतील नेतृत्वबदल आणि कामगारांचा संतोष

१

औद्योगिक संस्थांच्या इतिहासात असंतोषाची नोंद राहते; संतोषाची सहसा राहत नाही. संप झाला की सरकारी अहवाल निघतो, वृत्तपत्रांचे रकाने भरतात, चौकशी समितीपुढे साक्षी होतात. जो कामगार सकाळी भोंग्याबरोबर कामावर गेला आणि फारशी तक्रार न करता सायंकाळी परतला, त्याच्या मनःस्थितीचा पुरावा मात्र दप्तरात सापडत नाही. यामुळे मोठ्या उद्योगसंस्थेतील नेतृत्व व संघटना बदलली असता तेथील नोकरवर्गाच्या समाधानावर काय परिणाम होतो, या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार करणाऱ्यास आडवाटेने जावे लागते. मागण्यांची भाषा, गैरहजेरी, संपांची कारणे आणि कामगारांच्या तोंडी रुळलेले शब्द, या चार साधनांवर त्याची भिस्त असते. प्रस्तुत लेखात याच साधनांच्या आधारे मुंबईच्या कापडगिरण्यांतील एका संक्रमणाचा विचार करावयाचा आहे. १८८४ ते १९४७ हा त्याचा मुख्य कालखंड होय.

विषयाचा प्रारंभ मात्र मुंबईपासून दूर, पेण तालुक्यातील जोहे या गावापासून करणे सोयीचे ठरेल. पेण, हमरापूर आणि जोहे हा परिसर गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. मूर्ती जेथे घडतात त्या जागेस तेथे ‘कारखाना’ असेच म्हणतात. या कारखान्याची घरगुती रीत अशी की, मालक स्वतः कारागीर असतो. साच्यातून मूर्ती काढण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंतच्या कामांची त्याला हातची माहिती असते, आणि हाताखालच्या माणसाचे गुणदोष तो रोज डोळ्यांनी पाहत असतो. तंटा झालाच तर तो दोन माणसांतील तंटा असतो. मुंबईच्या गिरणीसही मराठीत ‘कारखाना’ म्हणता येते, आणि ‘साचा’ हा शब्द तेथेही आहे. पण गिरणीतला साचा म्हणजे माग, आणि साचेखाते म्हणजे विणकामाचा विभाग. दोन्ही ठिकाणी शब्द तेच. त्यांमागची सामाजिक रचना मात्र अगदी निराळी. कोकणातून मुंबईस गेलेला माणूस पहिल्या प्रकारच्या जगातून दुसऱ्या प्रकारच्या जगात जात होता. तेथे मालक त्याला दिसत नसे. मालकाच्या जागी जो दिसे, तो जॉबर.

२

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ साली ताडदेव येथे चालू झाली. पुढील अर्धशतकात मुंबईत गिरण्यांची जी वाढ झाली ती मॅनेजिंग एजन्सी या पद्धतीने. भागधारकांच्या वतीने कारभार पाहणारी एजंटांची पेढी, तिच्या खाली व्यवस्थापक, त्याच्या खाली खात्यांचे प्रमुख, आणि या सर्वांच्या खाली हजारो कामगार, अशी ही उतरंड होती. वरचे अधिकारी पुष्कळदा इंग्रज किंवा पारशी असत. कामगार मुख्यतः रत्नागिरी, कुलाबा, सातारा या जिल्ह्यांतील मराठी भाषिक, आणि पुढे उत्तर हिंदुस्थानातून आलेले. दोहोंमध्ये भाषेचे, जातीचे व राहणीचे मोठे अंतर होते. हे अंतर भरून काढण्याचे काम जॉबरकडे आले. कलकत्त्याच्या तागगिरण्यांत ‘सरदार’, मद्रासकडे ‘मेस्त्री’, तर मुंबईत सूत गुंडाळण्याच्या खात्यांतील स्त्रियांवर ‘नायकीण’, अशी याच अधिकाराची निरनिराळी नावे होती.

जॉबरचे अधिकार कागदावर थोडे आणि व्यवहारात अमर्याद होते. माणूस कामावर घेणे, त्यास काम शिकविणे, यंत्र बिघडल्यास दुरुस्त करणे, रजा देणे, कामावरून काढणे, हे सर्व त्याच्या हाती असे. गिरणीबाहेरही त्याचा शब्द चाले. गाववाल्यास चाळीत खोली मिळवून देणे, दुकानदाराकडे जामीन राहणे, अडीअडचणीस उसने पैसे देणे, हीही त्याचीच कामे. मोबदल्यात कामगाराकडून त्यास ‘दस्तुरी’ मिळे. येथे शब्दाचा विचार उपयोगी पडतो. ‘दस्तूर’ म्हणजे रीत, वहिवाट. नोकरीसाठी द्यावी लागणारी लाच जेव्हा ‘रीत’ या नावाने ओळखली जाते, तेव्हा ती देणाऱ्यास जाचक वाटत असली तरी अन्याय म्हणून तिच्याकडे बोट दाखविणे कठीण होते. तक्रार करण्यास प्रथम तक्रारीचा शब्द लागतो.

‘बदली’ या शब्दाचेही असेच आहे. सरकारी नोकराच्या बाबतीत बदली म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेमणूक. गिरणीत मात्र बदली हे माणसाचेच नाव झाले. कायम कामगाराच्या खाड्यावर ज्यास त्या दिवसापुरते काम मिळते तो बदली. सकाळी दरवाजाशी उभे राहावे, आणि जॉबरची नजर आपल्याकडे वळते की नाही याची वाट पाहावी, हा त्याचा नित्यक्रम होता. बाजारातील मागणी कमीजास्त होई तसे मनुष्यबळ कमीजास्त करणे मालकांस या पद्धतीमुळे सुलभ जाई. त्यामुळे जॉबर हा निव्वळ मागासलेल्या व्यवस्थापनाचा अवशेष होता असे म्हणणे योग्य नव्हे. त्या अर्थव्यवस्थेची ती गरज होती.

तथापि जॉबरचे आसन स्थिर नव्हते. माणसे टिकवून धरणे हेच त्याचे बळ. ती तुटली तर मालकाच्या दृष्टीने त्याची किंमत उरत नसे. म्हणून तो कामगारांचा पिळवणूकदार होता तसा प्रसंगी पुढारीही होता. एखाद्या खात्यातील माणसे काम टाकून बाहेर पडत तेव्हा त्यांच्या अग्रभागी कित्येकदा जॉबरच असे. एकाच व्यक्तीकडे मालकाची हुकमत आणि कामगाराचे आश्रयस्थान ही दोन्ही नाती एकवटल्यामुळे कामगाराचा संतोष हा पगारापेक्षाही जॉबराशी असलेल्या संबंधावर अवलंबून राही.

३

कामगारास काय मिळाले म्हणजे तो संतुष्ट होईल, याचे पहिले स्पष्ट निवेदन १८८४ साली आढळते. महात्मा फुले यांचे अनुयायी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या वर्षी कामगारांच्या सभा भरवून फॅक्टरी कमिशनपुढे एक अर्ज सादर केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर अपघात झाल्यास भरपाई, या त्यातील मुख्य मागण्या होत. १८९० मध्ये लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या द्वारे हाच प्रश्न पुन्हा उचलला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

या मागण्यांकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत पगारवाढीची मागणी अग्रभागी नाही. काम केव्हा सुरू होणार, केव्हा संपणार, पैसे कोणत्या तारखेस हाती पडणार, हात तुटला तर पुढे काय, या सर्व नियमिततेच्या मागण्या आहेत. जॉबरची व्यवस्था मर्जीवर चाले. लोखंडे यांचा अर्ज मर्जीच्या जागी नियम मागत होता. कामगारांच्या असंतोषाची ही मूळ प्रकृती पुढील अर्धशतकात अनेक वेळा प्रकट झालेली दिसते.

मर्जीच्या जागी नियम आणण्याचा प्रयत्न मालकांकडून मुळीच झाला नाही असे नाही. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपूर येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई यांच्यापुढे आरंभीची मोठी अडचण गैरहजेरीची होती. दंड वाढविण्याऐवजी त्या गिरणीत बक्षिसे, निवृत्तिवेतनाचा निधी आणि अपघाताची भरपाई असे उपाय क्रमाक्रमाने योजण्यात आले. कायद्याने सक्ती होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. येथे नेतृत्वाचा गुण उघड दिसतो. पण त्याची मर्यादाही तितकीच उघड आहे. या सोयी मालकाच्या दूरदृष्टीतून आल्या होत्या. कामगाराने त्या मागितल्या नव्हत्या, आणि नाकारल्या गेल्या असत्या तर दाद मागण्याचे स्थानही त्यास नव्हते.

४

संघटनेतील बदल आणि कामगारांचा संतोष यांचा संबंध सर्वांत तीव्रतेने १९२८ साली पुढे आला. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली होती, जपानी कापडाची स्पर्धा वाढली होती. १९२५ मध्ये पगारात साडेअकरा टक्के कपात करण्याचा मालकांचा प्रयत्न दीर्घ संपामुळे फसला; डिसेंबरमध्ये कापडावरील अबकारी जकात स्थगित झाल्यावर कपात मागे घेण्यात आली. पगार उतरविता येत नाही असे दिसताच लक्ष कामाच्या रचनेकडे वळले. ससून समूहाच्या गिरण्यांनी ‘कार्यक्षमता पद्धत’ या नावाची योजना आणली. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकऱ्याने तीन माग सांभाळावेत, आणि त्रासन खात्यातील कामगाराने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात, हा तिचा गाभा होता.

या योजनेत काम टिकणाऱ्या कामगाराची एकूण मिळकत वाढणार होती. मालकांचा युक्तिवाद त्यावरच उभा होता, आणि निव्वळ हिशेबाने तो खोटाही नव्हता. तरीही जानेवारी १९२८ मध्ये याच गिरण्यांत संप सुरू झाले, आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सर्व मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बिनपगारी बसले. ही घटना केवळ चिथावणीने घडली असे मानणे म्हणजे प्रश्न टाळणे होय. तीन माग पाहणाऱ्याचा पगार वाढला तरी ज्याचा माग त्याच्याकडे गेला तो त्याचाच भाऊबंद, गाववाला किंवा खोलीतला सोबती होता. गिरणगावातील एका खोलीत अनेकजण राहत आणि पगार गावच्या घराशी बांधलेला असे. अशा समाजात संतोष हा एकट्या माणसाच्या मिळकतीवरून मोजता येत नाही. शिवाय ही योजना कामगारांशी बोलणी न करता वरून आली होती. कच्च्या कापसाची प्रत तीच राहिली तर धागा अधिक तुटेल आणि तीन मागांचा ताण असह्य होईल, हे विणकऱ्यास ठाऊक होते. त्यास कोणी विचारले नव्हते.

या संपात नेतृत्वाचेही स्थित्यंतर झाले. एका बाजूस ना. म. जोशी यांनी १९२६ साली स्थापन केलेली सनदशीर मार्गाची टेक्स्टाइल लेबर युनियन, तर दुसऱ्या बाजूस मे १९२८ मध्ये स्थापन झालेली डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर यांची गिरणी कामगार युनियन. दुसरीच्या अग्रभागी अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीत काम केलेले कामगारही होते. तिची सभासदसंख्या वर्षअखेर ५४ हजारांवर गेली. संपानंतर गिरणी-गिरणीतून स्थापन झालेल्या ‘गिरणी समित्या’ ही तिची खरी निर्मिती होय. खात्यातील तक्रार समितीने घ्यावी आणि थेट व्यवस्थापकापुढे मांडावी, अशी ही योजना होती. तिने प्रथमच जॉबरला वगळून वाट काढली. आणि साहजिकच अनेक जॉबर तिच्या विरोधात गेले.

कामगारांचे ऐक्यही सर्वसमावेशक नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. अधिक पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगारांस प्रवेश नसे. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या बहिष्काराचा प्रश्न याच संपाच्या काळात कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला. ज्यास कामाचे दारच बंद आहे त्याच्या असंतोषाची गणती कोणत्या मागणीपत्रात करावयाची, असा हा प्रश्न होता. गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा. मराठीत त्याच शब्दास काम बंद पाडण्याचा अर्थ आला. १९२८ साली हे दोन्ही अर्थ एकत्र आले, पण पहिला अर्थ अपुरा राहिला.

संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने कार्यक्षमतेच्या योजनेस तत्त्वतः मान्यता दिली. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी कामगार पुढाऱ्यांस अटक झाली. त्याच वर्षीचा दुसरा सार्वत्रिक संप फसला आणि गिरणी समित्याही त्याबरोबर मोडल्या.

५

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ साली अहवाल दिला. माणसे घेण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, प्रत्येक कारखान्यात लेबर ऑफिसर नेमावा, त्याने व्यवस्थापकाशिवाय कोणाच्याही अंमलाखाली राहू नये, अशी त्याची शिफारस होती. ती अमलात येण्यास १९३४ चा संप कारण झाला. त्या वर्षी मुंबई सरकारने सलोख्याचा कायदा केला आणि कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी सरकारी लेबर ऑफिसरची योजना झाली. गिरणीमालक संघानेही आपला अधिकारी नेमला. १९३५ साली बदली नियंत्रणाची पद्धत सुरू झाली. ठराविक कामगारांस महिन्याच्या आरंभी बदली कार्ड देण्यात यावे, त्यांनी रोज सकाळी हजेरी द्यावी, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भराव्यात, असा नियम झाला. १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कमधून या नव्या कामासाठी शिक्षित माणसे तयार होऊ लागली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले.

कामगाराच्या दृष्टीने या बदलाचा ताळेबंद मांडला तर जमेची बाजू लहान नाही. दरवाजाशी नजरेची वाट पाहणाऱ्या बदलीच्या हाती कार्ड आले. काढून टाकलेल्या माणसास कारण विचारण्याची जागा मिळाली. लोखंडे यांच्या अर्जातील नियमाची मागणी अशा रीतीने अंशतः पुरी झाली.

खर्चाची बाजूही आहे. जॉबर गेला नाही. यंत्र दुरुस्त करणे, नवशिक्यास शिकविणे, खात्यातील काम चालू ठेवणे, हे लेबर ऑफिसरला येत नव्हते. ते जॉबरलाच येत होते. त्यामुळे कार्ड कोणास मिळावे यावरही त्याचा शब्द काही अंशी चालत राहिला. दुसरे असे की, जॉबर अन्यायी असला तरी तो कामगाराच्या भाषेत बोलणारा आणि रात्री चाळीत भेटणारा मनुष्य होता. लेबर ऑफिसर ठराविक वेळी, कचेरीत आणि अर्जावर भेटत असे. लिहितावाचता न येणाऱ्या माणसास अर्ज हीच एक नवी भिंत होती. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, तक्रार ऐकणारा अधिकारी आला तो तक्रार मांडणारी संघटना दुबळी असताना. गिरणी समितीत कामगार स्वतः बोलत होता. आता त्याच्या वतीने दुसरा बोलू लागला.

हीच प्रवृत्ती पुढील कायद्यांत वाढत गेली. १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. कारण त्या कायद्याने संपाच्या वाटेवर अनेक अटी घातल्या होत्या. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकच प्रातिनिधिक संघटना बोलणी करील, असे ठरविले. मुंबईच्या गिरण्यांत ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघास मिळाले. स्थैर्याच्या दृष्टीने ही योजना तर्कशुद्ध होती. पण कामगार आणि व्यवस्थापन यांमध्ये पुन्हा एकच दार राहिले, आणि ते दार आपले नाही असे वाटू लागल्यास दुसरा मार्ग उरला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी सुरू केलेल्या संपात या कायद्याच्या रद्दीकरणाची मागणीही होती. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांचा युगान्त त्याबरोबर झाला.

६

याच काळात अन्यत्र चाललेल्या विचाराशी ही कथा ताडून पाहणे उद्बोधक ठरते. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. कामाच्या भौतिक परिस्थितीइतकेच आपल्याकडे कोणी लक्ष देते या जाणिवेचेही कामगाराच्या वर्तनावर परिणाम होतात, असा त्यांचा अर्थ एल्टन मेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ आक्षेप आले. मुंबईचा अनुभवही त्यास एक पुरवणी जोडतो : लक्ष देणारा कोण आहे, आणि तो कोणास जबाबदार आहे, हेही कामगार पाहतो.

अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली ए. के. राइस यांनी केलेला प्रयोग याहून जवळचा आहे. तेथे स्वयंचलित माग आणले होते, कामाचे बारीक विभाग पाडून ते कामगारांत वाटले होते, तरी उत्पादन अपेक्षेइतके होत नव्हते. ६४ मागांस सात जणांचा एक गट अशी नवी रचना सुचविण्यात आली. कामगारांनी आपले गट आपणच निवडले, आणि काही काळाने उत्पादन वाढले व खराब कापडाचे प्रमाण घटले. यंत्र तेच, माणसेही तीच. रचना ठरविण्यात मात्र माणसांचा हात होता. १९२८ साली ससूनच्या गिरण्यांत जो घटक नव्हता तो हाच.

७

या विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, मोठ्या संस्थेतील कामगाराचा संतोष सर्वोच्च नेतृत्वापेक्षा त्याच्या निकटच्या वरिष्ठावर अधिक अवलंबून असतो; एजंटांच्या पेढ्या बदलल्या तरी जॉबर तोच असेल तर कामगाराच्या दृष्टीने फारसे काही बदललेले नसते. दुसरा असा की, संघटनेतील बदलाचे मोल कामगार एकट्याच्या लाभाने ठरवीत नाही. त्या बदलात कोणाचे काम गेले हेही तो मोजतो. तिसरा निष्कर्ष असा की, मर्जीच्या जागी नियम येणे ही प्रगती खरीच, परंतु नियम घडविण्यात ज्याचा वाटा नाही त्यास नियमही कालांतराने दुसऱ्याची मर्जी वाटू लागतो.

हा प्रश्न गिरण्यांबरोबर संपलेला नाही. जोहे गावाच्या परिसरातच त्याची नवी रूपे उभी राहिली आहेत. रोहा तालुक्यात धाटाव येथे औद्योगिक वसाहत झाली. नागोठणे येथे सार्वजनिक क्षेत्रातील इंडियन पेट्रोकेमिकल्सचा मोठा प्रकल्प उभा राहिला. ती कंपनी २००२ मध्ये निर्गुंतवणुकीने खाजगी व्यवस्थापनाकडे गेली आणि २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली. एका पिढीच्या आत त्याच यंत्रांवर, त्याच आवारात तीन प्रकारची नेतृत्वे आली. त्या आवारात काम केलेल्या माणसांनी या बदलांस कोणते शब्द दिले, ‘कायम’, ‘कंत्राटी’, ‘प्रकल्पग्रस्त’ या संज्ञांचे अर्थ त्यांच्या बोलण्यात कसे सरकत गेले, याचा संग्रह पेण-रोह्याच्या गावांतून आजही करता येण्यासारखा आहे. गिरणगावातील जॉबर आणि बदली यांचे शब्द बोलणारी माणसे झपाट्याने नाहीशी झाली. संतोषाची नोंद दप्तरात राहत नाही. ती बोलण्यात राहते, आणि बोलणारी माणसे आहेत तोवरच ती मिळते. पदव्युत्तर अभ्यासकांनी हे काम हाती घेतल्यास औद्योगिक इतिहासाची एक उपेक्षित बाजू उजेडात येईल.